गोल गोळीची वाकडी वाट

म्हैसूर शहरातून उत्तरेकडे पंधरा-सोळा किलोमीटर गेले की कावेरी नदी दोन फाटे करून पुन्हा एक होते, आणि त्या फाट्यांच्या कुशीत श्रीरंगपट्टणचे बेट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटाने दोन मोठे वेढे पाहिले. १७९२ च्या फेब्रुवारीत लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज येथे आली, तेव्हा तिच्या जोडीला निजामाचे सैन्य आणि हरिपंत फडके यांच्या हाताखालचे मराठी सैन्य होते. दुसरा वेढा १७९९ चा. त्याचा शेवट ४ मे रोजी किल्ल्याच्या पाडावात आणि टिपू सुलतानाच्या मृत्यूत झाला. या लढायांचा राजकीय इतिहास सर्वश्रुत आहे. पण त्या लढायांत जी वस्तू अगणित संख्येने हवेतून इकडची तिकडे गेली, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे शिशाची एक लहानशी गोल गोळी.

इंग्रज कंपनीच्या शिपायाजवळ जी बंदूक असे तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच होता. नळी आतून गुळगुळीत. तीत घालावयाची गोळी मात्र मुद्दाम थोडी लहान, सुमारे ०.६९ इंच व्यासाची ओतत. कारण चार-दोन बार झाले की दारूची काजळी नळीत साचे आणि घट्ट बसणारी गोळी आत उतरेना. अशा गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम, जुन्या हिशेबाने पावणेतीन तोळे भरे.

आता एक मौजेचा योगायोग पाहण्यासारखा आहे. आजकाल ‘पेंटबॉल’ नावाचा एक खेळ जगभर खेळला जातो. हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांच्या आसपासही त्याची मैदाने झाली आहेत. दोन पक्ष समोरासमोर उभे राहून एकमेकांवर रंगाने भरलेल्या गोळ्या झाडतात. ज्याच्या अंगावर गोळी फुटून रंग लागला तो बाद. या गोळीचे कवच जिलेटिनचे असते, औषधाच्या कॅप्सूलचे असते तसेच, आणि आत पाण्याने धुतला जाणारा दाट रंग असतो. मुळात ही युक्ती अमेरिकेत रानातली तोडावयाची झाडे आणि कळपातली गुरे दुरून खुणावण्यासाठी निघाली. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावी बारा गड्यांनी तिचा खेळ करून पाहिला. या रंगगोळीचा रूढ व्यास ०.६८ इंच आहे. म्हणजे श्रीरंगपट्टणच्या तटाखाली सुटलेली गोळी आणि आज खेळात सुटणारी गोळी आकाराने जवळजवळ सारख्याच. फरक एवढाच की शिशाची गोळी पावणेतीन तोळ्यांची, तर रंगगोळी अवघी तीन ग्रॅमची, म्हणजे पाव तोळ्याची.

दोन्ही गोळ्यांच्या बाबतीत नेम धरणाऱ्याची तक्रारही एकच आहे. गोळी सरळ जात नाही. बंदूक तीच, हात तोच, निशाण तेच. तरी एक गोळी डावीकडे झुकते, दुसरी उजवीकडे, तिसरी मध्येच खाली बसते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या जॉर्ज हँगर या इंग्रज अधिकाऱ्याने १८१४ साली लिहून ठेवले की शिपायाची बंदूक ऐंशी यार्डांवर माणसाला लागेल, शंभरावर कदाचित लागेल. दोनशे यार्डांवर नेम धरणे म्हणजे चंद्रावर नेम धरणे होय. त्या काळच्या फौजा खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या राहत आणि हुकूम होताच सगळी रांग एकदम बार काढी. हे आज पाहणाऱ्याला वेडेपणाचे वाटते. पण एकेक गोळीचा भरवसा नव्हता, म्हणून शेकडो गोळ्यांचा शिडकावा करावा लागे. आणि त्यासाठी माणसांची भिंत समोरच्या माणसांच्या भिंतीपुढे उघडी उभी करावी लागे. गोळीच्या वाकड्या वाटेची किंमत अशी प्राणांत मोजली जात होती.

या वाकड्या वाटेचे कारण काय? सामान्य समजूत अशी की वारा गोळीला ढकलतो. वारा ढकलतो हे खरे. पण वारा पूर्ण पडलेला असतानाही गोळी भरकटतेच. तिला भरकटवणारे वादळ बाहेरच्या हवेत नसते. ते गोळी स्वतःच आपल्याभोवती आणि आपल्यामागे उठवीत जाते.

हवा ही पदार्थमात्रांत इतकी विरळ आणि नम्र की तिचा अडथळा तो काय असणार, असे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भल्याभल्या तोफखानेवाल्यांचेही मत होते. गोळ्याची वाट ते कागदावर अन्वस्त वक्राने, म्हणजे निर्वात जागेत फेकलेल्या दगडाच्या कमानीने दाखवीत. हा भ्रम ज्याने मोडला त्या बेंजामिन रॉबिन्झ या इंग्रज गणितज्ञाचा ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हा ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती साधी होती. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा, त्यावर गोळी झाडावयाची आणि लंबक किती मागे गेला ते मोजावयाचे; त्यावरून गोळीचा वेग गणिताने निघतो. लंबक जवळ ठेवून एकदा आणि दूर ठेवून एकदा प्रयोग केला की वाटेत हवेने किती वेग खाल्ला ते कळते. उत्तर पाहून सर्वांनी तोंडात बोटे घातली. पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला १६७० फूट वेगाने निघाली असता हवेचा रोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या एकशेवीस पट भरला! निर्वातात अशी गोळी सोळा-सतरा मैल जाती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला की हा रोध एकाएकी वाढतो, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

रंगगोळीचा हिशेब याच रीतीने करता येतो. ती नळीतून सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९० मीटर वेगाने निघते. या वेगाला हवेचा रोध तिच्या वजनाच्या सुमारे एकोणीस पट येतो. हाच वेग तेवढ्याच आकाराच्या शिशाच्या गोळीला दिला, तर रोध तेवढाच राहतो, पण तिच्या वजनाच्या मानाने तो दुपटीहूनही कमी ठरतो. परिणाम असा की रंगगोळीचा वेग पहिल्या तीस मीटरांतच निम्मा होतो. शिशाच्या गोळीला तेवढाच वेग गमावण्यास तीनशे मीटर लागले असते. निर्वातात आठशे मीटर गेली असती अशी रंगगोळी प्रत्यक्षात शंभर मीटरही मोठ्या मुश्किलीने गाठते. कापसाचा बोळा आणि तेवढाच दगड फेकून पाहावा, म्हणजे हा सारा फरक हाताला कळतो.

परंतु रोध आणि भरकटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोध गोळीला मागे ओढील, बाजूला का ओढील? रॉबिन्झने याचेही उत्तर शोधले, आणि ते शोधण्याची त्याची रीत फार देखणी आहे. त्याला संशय आला की सैल बसणारी गोळी नळीच्या एखाद्या बाजूला घासत बाहेर पडते, त्या घर्षणाने तिला गिरकी मिळते, आणि ही गिरकी तिला वाटेवरून वळवते. हा संशय खरा असेल तर गोळीला हवी तशी गिरकी देऊन हवे तसे वळवता आले पाहिजे. म्हणून त्याने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ थोडी डावीकडे वाकवली. अशा नळीतून जाताना गोळी उजव्या बाजूला घासणार, तिची उजवी बाजू मागे राहणार आणि डावी पुढे धावणार. पुढे पातळ कागदाचे पडदे उभारून त्यांतील भोकांवरून त्याने वाट तपासली. डावीकडे वाकवलेल्या नळीतून निघालेली गोळी आधी डावीकडे गेली खरी. पण पुढे हळूहळू वळत ती उजवीकडे आली. ज्यांनी गोळी नळीच्या दिशेनेच जाईल असे गृहीत धरले होते त्यांना हा चमत्कारच वाटला असेल.

मोठ्यांचीही गोष्ट अशी असते की त्यांना सगळेच पटत नाही. थोर गणिती ऑयलर याने १७४५ साली रॉबिन्झच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, त्यावर मूळ ग्रंथाहून कितीतरी मोठी टीका लिहिली. पण गिरकीची उपपत्ती मात्र त्याने मानली नाही. गोळी नीट गोल नसल्यामुळे वळत असावी असे त्याचे म्हणणे. पुढे १८५२ साली बर्लिनच्या माग्नुसने फिरत्या नळकांड्यावर प्रयोग केले आणि आज हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. रॉबिन्झचे नाव बाजूला पडले, हा इतिहासाचा अन्यायच म्हणावयाचा.

या रॉबिन्झचा दक्षिण हिंदुस्थानाशी संबंध आहे. ईस्ट इंडिया कंपनीने आपले किल्ले दुरुस्त करण्यासाठी त्याला मुख्य अभियंता नेमले आणि १७५० साली तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे उतरला. वर्षभरातच, २९ जुलै १७५१ रोजी, तापाने क्षीण होऊन तो तेथेच मरण पावला. त्या सुमारास हैदरअली म्हैसूरच्या फौजेत नुकताच पुढे येऊ लागला होता. पीळदार खाचांच्या नळीची बंदूक जे राष्ट्र प्रथम पूर्णपणे आत्मसात करील ते इतरांवर वरचढ होईल, असे रॉबिन्झने १७४७ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. तरी त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी श्रीरंगपट्टणच्या खंदकाशी आलेल्या शिपायांच्या हाती बहुतांशी गुळगुळीत नळीच होती.

येथवर गिरकीचे झाले. पण गिरकी नसतानाही गोळी डळमळते. ते समजण्यासाठी गोळीच्या अगदी अंगाला चिकटून असलेल्या हवेत शिरावे लागते.

वाहत्या पाण्यात उभा असलेला पुलाचा खांब पुष्कळांनी पाहिला असेल. खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी शांतपणे दुभंगते. मागच्या अंगाला मात्र भोवरे गरगरत सुटतात. गोळीमागे हवेचे नेमके तेच होते. १९०४ साली लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की या सगळ्या घडामोडीची किल्ली पृष्ठालगतच्या हवेच्या एका अतिशय पातळ थरात आहे. या थराला सीमास्तर म्हणतात. हा थर दोन प्रकारे वाहतो. कधी पानावर पान सरकावे तसा, पदर न मोडता. हा स्तरीय प्रवाह. कधी आतल्या आत खळबळत, घुसळत. हा संक्षोभी प्रवाह. स्तरीय प्रवाह दिसण्यात सभ्य, पण अंगात बळ कमी. गोलाच्या सर्वांत फुगीर कडेपर्यंत पोचण्यापूर्वीच तो पृष्ठ सोडून देतो, आणि गोळीमागे भोवऱ्यांची रुंद शेपटी उघडी पडते. संक्षोभी प्रवाह दांडगा. बाहेरच्या वेगवान हवेची शक्ती तो आत ओढून घेतो, पृष्ठाला धरून मागच्या अंगापर्यंत जातो आणि शेपटी अरुंद करतो. म्हणजे सीमास्तरातली खळबळ वाढली की एकंदर रोध कमी होतो. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटेल. प्रांट्लने १९१४ साली एका गोलावर बारीक तारेचे कडे बसवून मुद्दाम खळबळ उत्पन्न केली आणि रोध घटल्याचे दाखवले. गोल्फच्या चेंडूवर देवीच्या वणांसारखे खळगे असतात ते याचसाठी.

आता प्रश्न असा की रंगगोळीभोवतीचा सीमास्तर कोणत्या प्रकारचा? हे गोळीचा आकार, तिचा वेग आणि हवेची चिकणाई या तिहींच्या गुणोत्तराने ठरते; त्याला रेनल्ड्झ अंक म्हणतात. गुळगुळीत गोलाच्या बाबतीत हा अंक तीन लाखांच्या आसपास गेला की सीमास्तर एकदम संक्षोभी होतो आणि रोध कोसळतो. रंगगोळीचा अंक निघतानाच सुमारे एक लाख असतो आणि पुढे तो कमीच होत जातो. सीमा ओलांडावयाची तर तिला आहे त्याच्या जवळजवळ तिप्पट वेग हवा. तेवढ्याने जिलेटिनचे कवच नळीतच फुटेल. म्हणून रंगगोळी सारी वाट रुंद, भोवऱ्यांनी भरलेली शेपटी ओढीत जाते. हे भोवरे तिच्यापासून सेकंदाला हजाराच्या घरात सुटतात, कधी या अंगाने, कधी त्या अंगाने. प्रत्येक सुटणारा भोवरा गोळीला उलट बाजूला हलकासा हिसका देतो. पुष्कळसे हिसके एकमेकांना मारून टाकतात. सगळे मारले जात नाहीत. जी बाकी उरते ती दर वेळी निराळी असते, आणि पाव तोळ्याच्या गोळीला हलवण्यास ती पुरते.

यात गिरकीची भर पडली म्हणजे घोटाळा आणखी वाढतो. १९४९ साली डेव्हिस या संशोधकाने गोल्फच्या चेंडूंवर केलेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. खळग्यांचा चेंडू फिरवला की तो माग्नुसच्या नियमाप्रमाणे वळे. पण गुळगुळीत चेंडू मंद फिरवला की तो नेमका उलट दिशेला वळे, आणि जोराने फिरवला की पुन्हा सुलट! याचे कारण असे की चेंडूची जी बाजू हवेला तोंड देत पुढे फिरते तिच्यावरचा सीमास्तर आधी संक्षोभी होतो, पृष्ठाला अधिक वेळ चिकटतो आणि शेपटी दुसऱ्या बाजूला ढकलतो. डेव्हिसच्या चेंडूंचा रेनल्ड्झ अंक सुमारे नव्वद हजार होता. रंगगोळीचा अंक त्याच आसपास आहे. तेव्हा नळीला घासून थोडीशी गिरकी घेतलेली रंगगोळी कोणीकडे वळणार हे ती किती वेगाने फिरते आणि तिचे पृष्ठ किती गुळगुळीत आहे यावर अवलंबून. रॉबिन्झला हे कळते तर ऑयलरला थोडी बाजू देण्याची उदारता त्याने दाखवली असती.

आणि रंगगोळीचे पृष्ठ तरी कोठे एकसारखे असते? जिलेटिनच्या दोन पट्ट्या जोडून ती बनते, तेव्हा तिच्या कमरेभोवती एक बारीक शिवण राहते. डब्यात एकावर एक पडून तिला चपटेपणा येतो. जिलेटिन हवेतली आर्द्रता शोषून घेते; पावसाळी दिवसांत गोळी फुगते, मऊ पडते, नळीत कधी अडकते, कधी वेडीवाकडी घासते.

शिवणीवरून क्रिकेटचा चेंडू आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे हीच शिवण दोष नसून कलेचे साधन आहे. जलद गोलंदाज शिवण किंचित तिरपी धरून चेंडू सोडतो. एका बाजूचा सीमास्तर शिवणीला अडखळून संक्षोभी होतो, दुसऱ्या गुळगुळीत बाजूचा स्तरीयच राहतो. एकीकडे हवा उशिरा सुटते, दुसरीकडे लवकर, आणि चेंडू हवेत झोके घेत फलंदाजाला चकवतो. चेंडूची एक बाजू खेळाडू पाटलोणीला घासून चकचकीत ठेवतात ती हौस म्हणून नव्हे. म्हैसूरचे जवागल श्रीनाथ हे १९९१ ते २००३ या काळात हिंदुस्थानच्या संघातले प्रमुख जलद गोलंदाज होते. त्यांनी म्हैसूरच्याच श्री जयचामराजेंद्र महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले, ही गोष्ट या संदर्भात गोड वाटते. रंगगोळी झाडणाऱ्याला मात्र आपली शिवण कोणीकडे आहे हेच ठाऊक नसते.

बाहेरच्या हवेचाही वाटा थोडा नाही. सेकंदाला तीन मीटर, म्हणजे पाने सळसळवणारी मंद झुळूक आडवी येत असेल, तर तीस मीटरांवर रंगगोळी सुमारे हातभर, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर बाजूला जाते. झुळूक एकसारखी असली तर नेमबाज तेवढे अंतर सोडून नेम धरू शकेल. पण जमिनीलगतचा वारा एकसारखा कधीच नसतो. झाडे, भिंती, टेकड्या यांना अडखळून त्याचे लहानमोठे भोवरे होतात. चामुंडीची टेकडी म्हैसूर शहरापेक्षा सुमारे तीनशे मीटर उंच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहू लागले की अशा टेकडीच्या आडोशाला हवेची केवढी घुसळण होत असेल याची कल्पना करता येईल. गोळीपेक्षा पुष्कळ लहान भोवरे तिला फारसे हलवीत नाहीत. माणसाएवढे किंवा त्याहून मोठे भोवरे वाऱ्याच्या झोताप्रमाणेच तिला घेऊन जातात. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच असल्याने तेथली हवा मुंबईपेक्षा शेकडा सात-आठ विरळ, तेवढा रोध कमी. पण हा लाभ नगण्यच.

मग यावर इलाज काय? शिशाच्या गोळीवर इलाज सापडला तो रॉबिन्झने सांगितलेलाच. नळीच्या आत पीळदार खाचा पाडावयाच्या, म्हणजे गोळी आपल्या प्रवासाच्या दिशेभोवतीच भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि आडव्या गिरकीला जागा राहत नाही. हा इलाज रंगगोळीला लागू पडत नाही. का, ते स्वयंपाकघरात पाहता येते. उकडलेले अंडे ताटात फिरवले तर गरगर फिरते. कच्चे अंडे फिरवले तर लगेच मंदावते, कारण कवच फिरते आणि आतला बलक मागे राहतो. रंगगोळी हे कच्चे अंडे आहे. खाचांनी कवचाला दिलेली गिरकी आतला रंग पिऊन टाकतो. काही कारागिरांनी उलटा मार्ग धरला: नळीच किंचित वाकवून आतून खरखरीत ठेवली, म्हणजे गोळी नळीच्या छताला घासत जाते, तिला मागे फिरणारी जोरदार गिरकी मिळते आणि हवा तिला उचलून धरते. पल्ला वाढतो. पण बंदूक थोडी कलती झाली की हीच उचल आडवी होऊन गोळीला बाजूला नेते. रॉबिन्झची वाकवलेली नळी अडीचशे वर्षांनी अशी खेळात उतरली.

दुसरा इलाज म्हणजे शेपूट. आणि तो म्हैसूरच्या फौजेला पक्का ठाऊक होता. हैदरअली आणि टिपू यांच्या सैन्यात बाणदारांची पथके होती. बाण म्हणजे धनुष्याचा तीर नव्हे. मराठी कागदपत्रांतही बाण हा शब्द दारूच्या बळावर उडणाऱ्या अग्निबाणासाठीच येतो, आणि दिवाळीत मुले बाटलीत उभा करून उडवतात त्यालाही बाणच म्हणतात. असे बाण दक्षिणेत बहुतेक सर्वच फौजांत होते. म्हैसूरकरांचे वैशिष्ट्य हे की त्यांनी दारू लोखंडी नळीत ठासली. कागदाची वा बांबूची नळी जो दाब सोसू शकत नाही तो लोखंड सोसते, म्हणून त्यांचे बाण एक किलोमीटर आणि त्याहूनही दूर जात. १७८० च्या सप्टेंबरात कांचीपुरमजवळ पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची इंग्रज तुकडी नष्ट झाली, त्या लढाईचे भव्य भित्तिचित्र श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत आहे. दारूगोळ्याचा गाडा उडाल्याचे दृश्य त्यात दिसते. १७९९ च्या ५ एप्रिलच्या रात्री पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेल्या आर्थर वेलस्लीने सुलतानपेठच्या राईवर चढाई केली, तीही अंधारात बाणांच्या आणि बंदुकांच्या माऱ्याखाली फसली.

या लोखंडी नळीला लांब बांबू किंवा तलवारीचे पाते बांधलेले असे. बाणाचे तोंड जरा बाजूला वळले की मागच्या लांब बांबूवर हवा आडवी आदळते आणि त्याला पुन्हा सरळ करते. पतंगाला शेपटी लावण्यामागचे शहाणपण तेच. दिवाळीच्या बाणाची काडी मोडली की तो शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. तरी या इलाजालाही उणेपणा होता: दारू जळत असेपर्यंत शेपटीचा बाण वाऱ्याच्या दिशेला तोंड फिरवतो आणि वाऱ्यावर चालून जातो, दारू संपली की वाऱ्याबरोबर वाहतो. त्यामुळे बाणाचाही नेम बेभरवशाचाच, आणि त्याचा उपयोग मुख्यतः घोडदळ उधळण्यासाठी व गर्दीवर मारा करण्यासाठी होई. श्रीरंगपट्टणहून इंग्लंडला नेलेल्या बाणांवरून प्रेरणा घेऊन विल्यम काँग्रीव्हने आपले अग्निबाण तयार केले. १८०७ साली त्यांनी कोपनहेगन शहर जाळले. पुढे १८४४ साली विल्यम हेल याने काडी काढून टाकली आणि जळत्या वायूच्या झोतानेच बाणाला गिरकी दिली. शेपटीचे काम गिरकीने केले. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर या गावी एका कोरड्या विहिरीत टिपूच्या काळचे एक हजाराहून अधिक बाण सापडले, तेव्हा त्या लोखंडी नळ्या पुन्हा उजेडात आल्या.

म्हैसूरच्या बाणांचा शास्त्रीय इतिहास १९८५ साली बंगळूरच्या रोद्दम नरसिंह यांनी लिहिला. हे नरसिंह इतिहासकार नव्हते. वायुगतीतला संक्षोभ हाच त्यांचा जन्माचा विषय होता. स्तरीय सीमास्तर संक्षोभी होताना मधल्या टप्प्यात काय घडते यावर सतीश धवन यांच्यासह त्यांनी १९५८ साली लिहिलेला निबंध जगभर आधारभूत मानला जातो. ज्या प्रदेशात शेपटीच्या बाणांनी हवेशी झुंज घेतली, त्याच प्रदेशात हवेच्या खळबळीचे गणित मांडले गेले.

रंगगोळीलाही अलीकडे शेपूट आले आहे. पुढचे अर्धे अंग गोल आणि मागे लहान लहान पंख असलेल्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या पुष्कळ सरळ जातात, पण महाग पडतात. खेळात बहुतेकांच्या हाती जुनी गोल गोळीच असते, आणि तेथे तिची वाकडी वाट केवळ नेमबाजाची अडचण राहत नाही. तीस मीटरांवर वेग निम्मा झाला तरी तो सेकंदाला पंचेचाळीस मीटर उरतो. कपड्यावर त्याने फार तर वळ उठेल. उघड्या डोळ्यावर तीच गोळी कायमचे अंधत्व आणू शकते. गोळी ज्याच्यावर झाडली त्यालाच लागेल असे नसल्यामुळे बाद होऊन कडेला उभा असलेला गडी, पंच, खेळ पाहावयास आलेले मूल, यांपैकी कोणीही तिच्या वाटेत येऊ शकते. म्हणून चांगल्या मैदानाभोवती बारीक विणीची जाळी असते. बाद झालेल्या खेळाडूनेही मैदानाबाहेर पडेपर्यंत मुखवटा उतरावयाचा नसतो. खेळ थांबला की बंदुकीच्या तोंडावर जाड कापडाची पिशवी चढवतात. आणि खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीच्या गोळीचा वेग मोजून तो ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे याची खात्री करून घेतात. त्यासाठी रॉबिन्झला मणभर लाकडाचा लंबक टांगावा लागे. आता तळहातावर मावणारे एक यंत्र पुरते.